स्लॅबवरच्या उघड्या सळया

(दृश्य : चाकणजवळची गल्ली, दोन्ही बाजूंना भाड्याच्या खोल्या. गच्चीवर काळ्या टाक्या, पिलरमधून वर आलेल्या सळया.)

सकाळी साडेसहा. फर्स्ट शिफ्टच्या बसेस निघाल्या, की नाणेकरवाडी, मेदनकरवाडी, खराबवाडीतल्या गल्ल्या रिकाम्या होतात. कुणी लातूरचा, कुणी यवतमाळचा, कुणी थेट बिहारचा. कंपन्या आल्या, कामगार आले, आणि एकेकाळी कांदा निघायचा त्या रानात खोल्या उभ्या राहिल्या.

“जागा आपलीच आहे. बांधकाम तेवढं करायचं, मग दरमहा भाडं.” इथं हे वाक्य घरोघरी ऐकू येतं. आपण कागद-पेन घेऊन बसू.

समजा, 2 गुंठे जागा आहे, म्हणजे 2,178 चौरस फूट. तळमजला आणि वर एक मजला, मिळून 3,000 फूट बांधकाम, 8 खोल्या. फुटाला 1,800 रुपये धरले, तर 54 लाख. खोलीचं भाडं 6,000 धरू. वर्षाचे 5 लाख 76 हजार, असं कुणीही तोंडी सांगेल. पण खोली रिकामी होते, रंग काढावा लागतो, नवा भाडेकरू मिळेपर्यंत दिवस जातात. म्हणून 11 महिनेच मोजायचे : 5 लाख 28 हजार. घरपट्टी, मोटार, जिन्यातला दिवा, उन्हाळ्यातला टँकर, तुंबलेलं ड्रेनेज यांचे 68 हजार वजा. हातात 4 लाख 60 हजार.

54 लाखांवर साडेआठ टक्के. वाईट नाही.

पण जागा? वडिलोपार्जित म्हणून ती हिशेबात शून्य धरतात, आणि गणित तिथंच फसतं. गुंठ्याला 12 लाख मिळत असतील, तर 24 लाख तुम्ही या घरात घातलेच आहेत. आता भांडवल 78 लाख, परतावा सहा टक्क्यांच्याही आत. “जागेचा भाव वाढेल ना!” वाढेल की. पण तो मोकळ्या जागेचाही वाढला असता. त्याचं श्रेय खोल्यांना कशाला?

(दृश्य : कडप्प्याच्या ओट्यावर पासबुक आणि सातबारा.)

आता कर्ज. त्याआधी कागद : जागा एनए, म्हणजे बिगरशेती, आहे का, बांधकामाची परवानगी आहे का? नसेल तर बँक दारात उभं करत नाही आणि माणूस महागड्या सावकारी कर्जाकडे वळतो. तसं असेल तर विषय तिथंच सोडावा.

कागद चोख आहेत, घरचे 14 लाख आहेत, 40 लाख कर्ज 9 टक्क्यांनी 20 वर्षांसाठी मिळालं. हप्ता साधारण 36 हजार, वर्षाला 4 लाख 32 हजार. उरले 28 हजार. सगळ्या खोल्या आणखी एक महिना रिकाम्या राहिल्या, तर 48 हजारांचं भाडं बुडालं आणि हप्ता खिशातून. 2020च्या लॉकडाऊनमध्ये कामगार गावी निघून गेले, तेव्हा एका महिन्यावर भागलं नव्हतं.

आता तेच घर निम्मं बांधू. पाया दोन मजल्यांचा, पण खोल्या चारच. खर्च 30 लाख, कर्ज फक्त 16 लाख. खर्च वजा जाता भाडं 2 लाख 30 हजार, हप्ते 1 लाख 73 हजार. उरले 57 हजार. खोल्या निम्म्या आणि शिल्लक दुप्पट! महिनाभर सगळं रिकामं राहिलं, तरी हप्ता निघतो.

आयकराचं म्हणाल, तर भरलेली घरपट्टी वजा करून उरलेल्या भाड्यातून 30 टक्के सरसकट वजावट मिळते, शिवाय कर्जाचं व्याज. भाडेकरार मात्र नोंदवायचा. महाराष्ट्रात तो सक्तीचा आहे, आणि 11 महिन्यांचा असला तरी सूट नाही. ओळखीच्या माणसाला तोंडी खोली देणाऱ्यांनी हे जरा पुन्हा ऐकावं.

(दृश्य : पुन्हा गच्ची. संध्याकाळ. शिफ्ट सुटल्याचा आवाज.)

स्लॅबवर उभ्या या सळया बाहेरून आलेल्याला अर्धवट काम वाटतात. त्यांना सिमेंटचं पाणी फासून ठेवलंय, गंज लागू नये म्हणून. कर्ज निम्म्यावर आलं, की वरच्या चार खोल्या.