बाळाचं वजन वाढत नाही? आधी वाटीतलं पाणी कमी करा

नमस्कार मंडळी.

मागच्या महिन्यात मी नाचणीच्या लाडवांचा व्हिडिओ टाकला होता. लाडवांबद्दल फारसं कुणी विचारलंच नाही. खाली सगळे प्रश्न एकाच जातीचे. "ताई, मुलगा दीड वर्षाचा आहे, वजन ९च किलो, काय देऊ?" "मुलगी सगळं खाते, पण अंगाला लागत नाही." "शेजारचं बाळ बघा कसं गुटगुटीत, आमचंच असं का?" मी नाशिकला एका मुलांच्या दवाखान्यात आहारतज्ज्ञ म्हणून बसते, तिथेही दिवसभर हेच कानावर पडतं. म्हणून आज १ ते ३ वर्षांच्या मुलांबद्दल सविस्तर बोलू.

आधी त्या ९ किलोंचं. बाळ जन्मतं ३ किलोच्या आसपास, आणि वर्षाचं होईपर्यंत वजन साधारण तिप्पट होतं. दुसऱ्या वर्षात मात्र वाढतं फक्त दोन-अडीच किलो. पुढे वर्षाला साधारण २ किलो. म्हणजे महिन्याला २०० ग्रॅम वाढलं तरी गाडी रुळावर आहे. भरलेल्या डायपरचं वजनसुद्धा तेवढं भरतं! त्यामुळे दर आठवड्याला वजन करून जीव टांगणीला लावू नका. महिन्यातून एकदा, त्याच काट्यावर, अंगावर कमीत कमी कपडे ठेवून. आणि वाढ मंदावली की भूकही कमी होते. वर्षाचं झाल्यावर मूल "एकदम खायचंच बंद झालं" असं वाटतं ना, त्यात याचा मोठा वाटा असतो.

दीड वर्षाच्या मुलाचं सरासरी वजन ११ किलोच्या जरा आत, मुलीचं १० किलोच्या जरा वर. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात दीड वर्षाचा ९ किलोचा मुलगा हिरव्या पट्ट्यातच येतो, पण अगदी खालच्या कडेला. त्याच्याकडे लक्ष द्यायचं, घाबरून जायचं नाही. तुमच्या माता-बाल संरक्षण कार्डात हिरवा, पिवळा, नारिंगी असे पट्टे आहेत. कार्ड कपाटात ठेवू नका, दर महिन्याला त्यावर ठिपका द्या. एका ठिपक्यावरून काही कळत नाही. तीन-चार ठिपके जोडून रेघ वर जाते आहे का, ते बघायचं.

आता काय द्यायचं. हे तुम्हाला माहीत आहे, मी भरभर सांगते. मुगाची खिचडी, मेतकूट-तूप-भात, अंडं, दही, केळं, उकडलेलं रताळं, भाकरी कुस्करून वरणात, शेंगदाण्याचं किंवा तिळाचं बारीक कूट भाजीत. कोकणातल्या मैत्रिणींनो, काटे नीट काढून मासे. दिवसातून तीन-चार जेवणं, मध्ये एक-दोनदा खाऊ, आणि अंगावरचं दूध चालू असेल तर दोन वर्षांपर्यंत आणि पुढेही खुशाल चालू ठेवा. अख्खा शेंगदाणा, अख्खा बदाम, अख्खं द्राक्ष लहान मुलाच्या हातात देऊ नका, घशात अडकतं. झालं.

यादी सगळ्यांकडे असते. तरी वजन का वाढत नाही? ही वाटी बघा.

(वाटी कॅमेऱ्यासमोर तिरकी धरत)

हे वरणाचं पाणी. डाळ शिजवली, रवीने घुसळली नाही, तळाशी बसू दिली आणि वरचं पिवळं पाणी काढून बाळाला दिलं. डाळ कुठे आहे? पातेल्याच्या तळाशी. बाळाच्या वाट्याला आलं हळद-मीठ घातलेलं गरम पाणी. एका ताईंनी लिहिलं होतं, "मी रोज चार वाट्या वरणाचं पाणी देते, तरी फरक नाही." ताई, मला तुमच्या कष्टांचं खरंच वाईट वाटलं. चार वाट्या पाजायला किती वेळ जात असेल! पण त्या चार वाट्यांनीच त्याचं पोट भरतंय आणि जेवणाला जागा उरत नाहीये.

बाळाच्या पोटाचा हिशोब सोपा आहे. वजनाच्या दर किलोला साधारण ३० मिली. १० किलोचं बाळ असेल तर एका वेळी पोटात मावणार ३०० मिली, म्हणजे आपल्या दोन छोट्या वाट्या. आपल्याला पातळ जेवण चालतं, आपण आणखी एक भाकरी घेतो. बाळ नाही घेऊ शकत. त्याची जागा संपली की संपली.

हेच दुसऱ्या बाजूने बघा. २० ग्रॅम तांदूळ आणि १० ग्रॅम मूगडाळ घ्या. त्यात साधारण १०० कॅलरी. हे शिजवून एक वाटी घट्ट खिचडी करा, वर चहाचा एक चमचा तूप, की झाल्या जवळपास १४०. बाळाने वाटी संपवली, १४० कॅलरी पोटात. आता तेवढ्याच डाळ-तांदळात पाणी ओतून तीन वाट्या पेज करा. बाळाने त्यातली तेवढीच एक वाटी घेतली. मिळालं किती? एक तृतीयांश. तुम्ही तेवढंच शिजवलं, तितकाच वेळ बसलात, बाळानेही तेवढंच खाल्लं, आणि तरी रात्री तुम्ही म्हणणार, खाल्लेलं अंगाला लागत नाही. अंगाला लागण्याइतकं वाटीत नव्हतंच.

आणि घरी तपासायचं कसं? चमचा भरा, तिरका करा. पदार्थ धारेने खाली पडला तर पातळ आहे. चमच्यावर टिकून राहिला, हळूहळू घसरला, तर बरोबर. वजनकाटा नको, मोजमाप नको. पुढच्या जेवणाला एवढं करून बघा.

"घट्ट दिलं तर घशात अडकेल", हा प्रश्न येणार, दर वेळी येतो. घट्ट म्हणजे गोळे नव्हे. हाताने मऊ कुस्करा, रवीने घुसळा, पण गाळणीतून गाळू नका. गाळणीत उरतं तेच तर अन्न! यावर मी जरा चिडते, कारण हे माझ्याच घरात झालंय. माझी मुलगी दहा महिन्यांची असताना मी शिकलेली असूनही "तिला पचणार नाही" म्हणून वरण गाळून द्यायचे. चार महिन्यांत तिचं वजन जेमतेम ३०० ग्रॅम वाढलं. सासूबाई गावाहून आल्या, गाळणी बघितली आणि म्हणाल्या, "अगं, चोथा फेकतेस तो कुणासाठी?" त्यांनी वरण घोटलं, भात मऊ गुरगुटा केला, त्यात मेतकूट आणि तूप, आणि स्वतः मांडीवर घेऊन बसल्या. त्या दिवसापासून आमच्या घरात बाळाच्या जेवणाला गाळणी लागली नाही.

काही मुलं मात्र खरोखरच घट्ट खात नाहीत, चमचा तोंडापाशी नेला की मान फिरवतात. त्यांच्यासाठी एक युक्ती आहे, आणि ती आपल्या आज्यांच्या डब्यातच होती. मोड आणलेल्या नाचणीचं पीठ.

धान्याला मोड येतात तेव्हा त्यात अमायलेज नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम, तयार होतं. ते पिठातला स्टार्च तोडतं. एरवी पीठ शिजलं की फुगतं, घट्ट होतं, आणि आपण पाणी ओततो. विकरामुळे तीच लापशी पाणी न घालता सैल होते. म्हणजे पातळही आणि ताकदही तेवढीच. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात लहान मुलांच्या आहारासाठी यावर बरंच काम केलंय.

कृती नीट ऐका, चुकतं ते इथेच. नाचणी रात्रभर भिजवा, फडक्यात बांधा, बारीक पांढरे मोड आले की पसरून पूर्ण वाळवा. मग अगदी मंद आचेवर हलकीशी गरम करा आणि दळा. खरपूस भाजायची नाही. खमंग वासाच्या मोहात कढईत लाल केलीत की विकर मेलं, मग ते साधं पीठ. साध्या नाचणीच्या पिठाची दुधात घट्ट लापशी शिजवा, इतकी घट्ट की चमचा उभा राहील. गॅस बंद. वाफ जरा जाऊ द्या. उकळत्यात घातलं तर विकर लगेच निकामी होतं. आता मोडाच्या पिठाचा चहाचा एक चमचा घाला आणि ढवळत राहा. काही मिनिटांत तुमच्या डोळ्यांसमोर लापशी सैल होईल. मग पुन्हा एक उकळी आणा, म्हणजे त्या कच्च्या पिठातले जंतू राहणार नाहीत. वर तूप.

पुष्कळ घरी नाचणी भिजवून, वाटून, फडक्यातून पिळून पांढरं सत्त्व काढतात. ते दिसतं सुंदर, पण त्यात येतो मुख्यतः स्टार्च, बाकीचं चोथ्यात जातं. पुन्हा तीच गाळणी! नाचणीच्या १०० ग्रॅममध्ये साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, ते तिच्या लालसर सालीसकट घ्या.

तुपाबद्दल एका दादांनी विचारलं होतं, "घरचं तूप नाही, विकतचं परवडत नाही, मग?" दादा, शेंगदाण्याचं तेल घाला. स्निग्ध पदार्थ कुठलाही असो, ग्रॅमला ९ कॅलरीच देतो. तांदूळ आणि डाळ देतात साडेतीनच्या आसपास. म्हणून एक चमचा तेल वाटीचं काम पालटतं. प्रत्येक जेवणात चहाचा एक चमचा. वाटीभर नको, पोट बिघडेल.

आता दुधाबद्दल, इथे बरेच जण नाराज होतील. दवाखान्यात एक दीड वर्षाचा मुलगा आला होता. आई म्हणाली, जेवत नाही पण दूध भरपूर पितो. किती? दिवसाला लिटरभर, बाटलीने. चेहरा फिका. त्याचं लोह कमी होतं, आणि लोह कमी झालं की भूक आणखी मरते. गाई-म्हशीच्या दुधात लोह नगण्य असतं, आणि त्याने पोट मात्र गच्च भरतं. दिवसाला ४०० ते ५०० मिली पुरे, तेही कपातून, जेवणानंतर. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१च्या फेरीत देशातली ५ वर्षांखालची ६७ टक्के मुलं रक्तक्षयाची निघाली. तीनातली दोन मुलं! म्हणून अंडं, मासे, मटणाचा खिमा, शाकाहारी घरात डाळी आणि पालेभाजी, त्यावर लिंबू पिळून. आणि चहा-बिस्किट सकाळी सातला देऊ नका हो. चहा लोह शोषू देत नाही, आणि मैदा-साखरेने नऊच्या जेवणाची भूक जाते.

खारीक पावडरबद्दल रोज कुणीतरी विचारतं. द्या, वाईट नाही, पण त्यात मुख्यतः साखरच आहे, त्यावर वजनाची भिस्त ठेवू नका. वजन वाढवायच्या पावडरच्या डब्यांच्या बाजूने मी नाही. डॉक्टरांनी लिहून दिलं असेल तर वेगळी गोष्ट. एरवी त्याच पैशात महिनाभराची अंडी, शेंगदाणे आणि केळी येतात.

ताप किंवा जुलाब होऊन गेले की पुढचे दोन आठवडे रोज एक जेवण जास्तीचं द्या. आजारात उतरलेलं वजन याच दिवसांत भरून येतं, आणि नेमकं याच दिवसांत आपण "अजून हलकंच देऊ" म्हणत पेजेवर ठेवतो.

घरी बसून वाट बघायची नाही ती वेळ कोणती? वजनाची रेघ दोन-तीन महिने सपाट आहे, किंवा खाली येते आहे. ठिपका पिवळ्यात किंवा नारिंगीत गेलाय. बाळ मलूल आहे, पायांवर सूज आहे. अंगणवाडीत दंडाला पट्टी लावून मोजतात, तो घेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला. यातलं काहीही असेल तर माझे व्हिडिओ बंद करा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. तिथे खिचडीने भागत नाही, नीट तपासणी आणि उपचार लागतात.

आणि खाली लिहिताना नुसतं "वजन कमी आहे" असं लिहू नका, मला त्यावरून काहीच सांगता येत नाही. बाळाचं वय, जन्माचं वजन, गेल्या तीन महिन्यांची वजनं, दिवसभरात दूध किती, आणि बाळाचं वरण चमच्यावर टिकतं की धारेने पडतं, एवढं लिहा. रविवारी सकाळी मी एकेकीला उत्तर देणार आहे.