खिलारीची शिंगे साळताना

बेंदूर, म्हणजे बैलांचा सण, जवळ आला की माणदेशातल्या दावणींवर शिंगे साळायला, म्हणजे घासून-तासून गुळगुळीत करायला, कानस आणि काचेचे तुकडे बाहेर निघतात. आटपाडी, म्हसवड, सांगोला, जत हा खिलार जातीच्या गाई-बैलांचा मुलूख. खिलारची शिंगे बुडाशी जवळजवळ, मागे झुकून धनुष्यासारखी वर गेलेली आणि टोकाला निमुळती. शिंगजोड जुळली, तर बैलजोडीचा भावही चढतो.

साळायला बसण्याआधी आतली रचना लक्षात घ्या. शिंगाच्या आत कवटीच्याच हाडाचा गाभा असतो, त्याला रक्तपुरवठा असतो. त्यावर नखासारखे निर्जीव कवच. हे कवच बुडाशी पातळ असते, टोकाकडे जाड होत जाते आणि शेवटचे टोक पूर्ण भरीव. साळायचे ते टोकाकडचेच. बुडाची चार बोटे जागा सोडावी.

बैल पाडायची गरज नसते. मोरकी, म्हणजे तोंडाभोवतीची दोरी, खांबाला आवळायची, वेसण जाणत्या हातात द्यायची. कानस बुडाकडून टोकाकडे, एकाच दिशेने. खवले निघाले की काचेने पातळ पापुद्रे काढायचे, मग पॉलिश पेपर, शेवटी तेलाचा हात. पापुद्रा ओलसर वाटला किंवा खाली गुलाबी झाक दिसली, की तिथेच थांबायचे. दोन शिंगांचे वळण वेगळे असेल तर साळून ते जुळत नाही. वळण आतल्या हाडाचे असते. जुळवण्याच्या हट्टापायी एकच शिंग पार पातळ केलेले बैल बाजारात दिसतात.

गाईच्या बाबतीत आणखी एक. शिंगावरच्या वलयांत दोन मिळवून वयाचा अंदाज बांधतात. कानस फिरली की वलये गेली. तेव्हा विकत घेताना दातच बघा.

रंग, हिंगूळ (लाल रंग), बेगड (चमकता कागद), शेंब्या (टोकावरच्या धातूच्या टोप्या) हे सगळे त्यानंतर. ऑइलपेंट बुडाच्या कातडीला लागू देऊ नये आणि शेंबी ठोकून बसवू नये. शिंगाचा कर्करोग लांब शिंगांच्या बैलांत जास्त आढळतो. सततचे साळणे, रंग आणि दोरीचा काच यांवर त्यासाठी संशय घेतला जातो.

त्याची सुरुवात ओळखता येते. बैल डोके झटकतो, एका बाजूला मान कलती धरतो, शिंग खांबाला घासतो. मग त्याच बाजूच्या नाकपुडीतून रक्त किंवा पू येतो, कारण शिंगाची पोकळी कपाळातल्या पोकळीला आणि तिथून नाकाला जोडलेली असते. पुढे बूड मऊ पडते, शिंग लोंबते. तोवर उशीर झालेला असतो.

पशुवैद्यक डोळा आणि शिंगाच्या मधल्या मज्जातंतूजवळ भुलीचे इंजेक्शन देऊन शिंग बुडातून काढतात. कापल्यावर कपाळाची पोकळी उघडी पडते. जखमेत औषधी पट्टी भरतात आणि ती भरून येईपर्यंत बदलत राहतात. पावसाळ्यात माशा बसू दिल्या, तर दोन-तीन दिवसांत आत अळ्या पडतात.