लॅपटॉप बंद व्हायला वेळ लावतोय? आधी नाव विचारा

(नाशिकला गंगापूर रोडवर झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

मंडळी, सुरुवातीलाच विचारतो, लॅपटॉप लवकर बंद होत नाही म्हणून पॉवरचं बटण दाबून धरणारे इथे किती जण आहेत? हात वर करा बरं. अरे वा, अर्धा हॉल. मागे त्या काकांनी तर दोन्ही हात वर केलेत. घ्या खाली, आजचं सगळं बोलणं तुमच्याशीच आहे.

माझं म्हणणं साधं आहे. लॅपटॉप बंद व्हायला वेळ लावतो तेव्हा तो बिघडलेला असतोच असं नाही, बहुतेक वेळा आत कुणीतरी अजून काम करत असतं, आणि त्या कुणीतरीला नाव असतं. ते नाव शोधायचं. नाव कळलं की उपाय बहुधा छोटा निघतो, आणि नाव न शोधता केलेला उपाय म्हणजे पैसेही गेले आणि दुखणंही तिथंच. हे मी भेटेल त्याला सांगत असतो, तुम्ही तर मे महिन्याच्या या उकाड्यात मुद्दाम ऐकायला आलात, म्हणून आज जरा सविस्तर.

आपल्या मेनरोडवरचं कापडाचं दुकान रात्री कसं बंद होतं ते सगळ्यांनी पाहिलंय. मालक म्हणतो चला रे, आवरा. मग एकजण तागे गुंडाळतो, एकजण गल्ला मोजतो, एकजण मागे गोडाऊनमध्ये असतो, आणि शेवटचा माणूस बाहेर आल्याशिवाय कुणी शटर ओढत नाही. विंडोजचंही तसंच चालतं. तुम्ही शट डाउन म्हणालात की ते आधी उघड्या प्रत्येक प्रोग्रामला निरोप देतं, निघायचंय, काही सेव्ह करायचं असेल तर करून घे. साधारण ५ सेकंदांत उत्तर आलं नाही की पडद्यावर यादी येते, अमुक अॅप शटडाउन अडवतंय, तरी बंद करू का. मग तुमचं लॉगिन आवरलं जातं, मग पडद्यामागे चालणाऱ्या सर्व्हिसेस थांबवल्या जातात, त्यांना हल्लीच्या विंडोजमध्ये मुदत ५ सेकंदांची, रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोज आपल्या सगळ्या सेटिंग जिथे ठेवतं त्या वहीत, ती ५००० मिलिसेकंद अशी दिसते, जुन्या विंडोज एक्सपीच्या काळात हीच मुदत २० सेकंद होती. मग मेमरीत तात्पुरतं धरून ठेवलेलं सगळं डिस्कवर उतरवायचं, ड्रायव्हरना, म्हणजे प्रिंटर, वायफायसारखे भाग चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रामना सांगायचं, आणि मग कुठे वीज तोडायची. एवढं सगळं होत असताना आपण बटण दाबून धरतो!

इथे एक जुनी गोष्ट सांगतो. इथे बरीच पिकली डोकी दिसतायत म्हणून सांगतो, तुम्हाला आठवेल. विंडोज ९५, म्हणजे १९९५ सालचं. कॉम्प्युटर बंद करायला सांगितला की शेवटी काळ्या पडद्यावर नारिंगी अक्षरं यायची, आता कॉम्प्युटर बंद करायला हरकत नाही, आणि मग आपण उठून कॅबिनेटवरचं बटण स्वतः दाबायचो. कारण तेव्हाच्या बहुतेक मशीनमध्ये बटण थेट विजेचं असायचं, सॉफ्टवेअरला वीज तोडताच यायची नाही. इंटेलने एटीएक्स नावाची मदरबोर्ड आणि वीजपुरवठ्याची रचना १९९५ मध्येच आणली, १९९६ च्या डिसेंबरमध्ये एसीपीआयचे, म्हणजे सॉफ्टवेअरने मशीनची वीज कशी सांभाळायची याचे नियम आले, आणि तिथून पुढे मशीन स्वतःची वीज स्वतः तोडायला लागलं. चांगलीच सोय झाली, वाद नाही. पण त्या नारिंगी अक्षरांचा एक मोठा फायदा होता, आतलं काम संपलं हे माणसाला स्पष्ट सांगितलं जायचं. आता नुसता गोल फिरणारा ठिपक्यांचा रिंगण दिसतो, आत काय चाललंय काही कळत नाही, आणि माणूस वैतागतो. वैतागणार नाही तर काय करणार.

तर ते बटण. एसीपीआयच्या नियमांत ४ सेकंद दाबून धरलं की सक्तीने बंद अशी तरतूद आहे, काही लॅपटॉपना जास्त वेळ धरावं लागतं. ती तरतूद मशीन पूर्ण गोठलं तर वापरायची म्हणून आहे, रोजची नाही. विंडोजची एनटीएफएस फाइल सिस्टीम आपली नोंदवही ठेवते म्हणून अचानक वीज गेली तरी फोल्डरांची रचना सहसा सावरते, पण ती नोंदवही रचनेसाठी असते, तुमच्या फाइलमधल्या मजकुरासाठी नाही. अर्धवट लिहिलेली हिशोबाची फाइल अर्धवटच राहते. आणि जुन्या फिरत्या हार्ड डिस्कमध्ये तर वीज अचानक गेली की वाचणारं-लिहिणारं डोकं घाईघाईने बाजूला न्यावं लागतं, नेहमीसारखं अलगद नाही, ते रोज रोज करू नये. वळवाच्या पावसात लाइट जाते ते आपल्या हातात नाही, पण तो आघात आपल्याच अंगठ्याने रोज संध्याकाळी कशाला द्यायचा?

आता माझी खरी तक्रार. फॉरमॅट, म्हणजे सगळं पुसून विंडोज नव्याने टाकणं. लॅपटॉप हळू चालतो, फॉरमॅट मारा. आवाज येत नाही, फॉरमॅट मारा. बंद व्हायला वेळ लावतो, फॉरमॅट मारा. अहो डॉक्टरकडे पोट दुखतंय म्हणून गेलं तर निदान कुठे दुखतंय एवढं तरी विचारतात.

पिंपळगाव बसवंतचे एक कांद्याचे व्यापारी माझ्या ओळखीचे, तुमच्यातल्या काहींच्याही असतील, नाव घेत नाही. संध्याकाळी लिलावाच्या पट्ट्या, गाड्यांचा हिशोब सगळं लॅपटॉपवर, आणि काम संपलं की शट डाउन म्हणून हे थांबलेले, चार-पाच मिनिटं गेली तरी शटिंग डाउनची अक्षरं तशीच. घरी जायची घाई, मग तसंच झाकण मिटून लॅपटॉप बॅगेत. घरी पोचेपर्यंत बॅग तापलेली, बॅटरी उतरलेली. दुकानात दाखवला. फॉरमॅट. त्या दिवशी झकास बंद झाला. दोन-तीन दिवसांत पुन्हा तेच. मग सांगितलं रॅम कमी आहे, रॅम वाढवून घेतली, फरक शून्य. मग पुन्हा फॉरमॅट, पुन्हा दोन दिवस बरा, पुन्हा तेच. शेवटी सल्ला मिळाला की मदरबोर्ड कमजोर झालाय, आता नवीनच घ्या. या सगळ्यात एकानेही विचारलं नाही की बंद होताना डिस्कचा दिवा कसा असतो.

मी तेच विचारलं. म्हणाले सतत पेटलेला असतो. मग आम्ही विंडोजची स्वतःची डायरी उघडली, तिच्यात शटडाउनला किती वेळ लागला ते होतं, पण उशीर केला म्हणून ना कुठल्या अॅपचं नाव, ना सर्व्हिसचं. आता बघा, कुणी अडवत नाहीये आणि डिस्क तर सारखी चालतेय, म्हणजे विंडोज स्वतःच काहीतरी लिहीत बसलंय. विंडोज शेवटच्या घटकेला डिस्कवर एवढं काय लिहील? रजिस्ट्रीत मेमरी मॅनेजमेंटच्या खणात एक नोंद असते, क्लिअर पेज फाइल अॅट शटडाउन. एरवी ती ० असते. यांच्या मशीनवर १. म्हणजे बंद होताना दर वेळी पेज फाइल, मेमरी अपुरी पडली की विंडोज जिथे सामान ठेवतं ती फाइल, शून्यांनी पूर्ण पुसायची. आणि पेज फाइल कुणीतरी हाताने १६ जीबी ठरवून दिलेली. ती डिस्क जुनी, फिरती, सेकंदाला ८० एमबी लिहिते असं धरा, १६ जीबी म्हणजे १६,३८४ एमबी, भागा ८० ने. २०५ सेकंद. जवळपास साडेतीन मिनिटं नुसती शून्यं लिहिण्यात!

मग हे केलं कुणी? त्यांच्या भाच्याने. लॅपटॉप फास्ट करायचा कुठलासा व्हिडिओ बघून त्याने दहा-बारा सेटिंगची एक फाइल पेनड्राइव्हवर ठेवली होती, प्रत्येक फॉरमॅटनंतर मामांच्या मदतीला म्हणून तो ती मनापासून चालवायचा. त्याच फाइलने फास्ट स्टार्टअप, म्हणजे विंडोज अर्धवटच बंद करून लवकर चालू करायची सोय, तीही बंद केलेली, म्हणजे प्रत्येक शटडाउन पूर्ण आणि प्रत्येक वेळी पुसणं. फॉरमॅटनंतर दोन दिवस बरा का राहायचा ते कळलं ना? भाचा शनिवार-रविवारी यायचा! पोराचा दोष मी मुळीच मानत नाही, त्याने निदान हात तरी घातला. ती सेटिंगही वाईट नाही, मशीन चोरीला गेलं किंवा दुसऱ्याच्या हाती पडलं तर पेज फाइलमध्ये गोपनीय काही मागे राहू नये म्हणून काही कचेऱ्या ती मुद्दाम लावतात. कांद्याच्या पट्ट्यांना तिची गरज नव्हती एवढंच. नोंद ० केली, पेज फाइल पुन्हा विंडोजच्या ताब्यात दिली, एकदा रीस्टार्ट. लॅपटॉप तोच, आणि पुढच्या संध्याकाळी बॅगेची चेन लावेपर्यंत बंद. जेवढे पैसे दोन फॉरमॅट आणि रॅममध्ये गेले तेवढ्यात चांगली एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, आली असती, याचं मला आजही वाईट वाटतं.

बरं, चिठ्ठी आलीय, दहा मिनिटं उरलीत, आणि नाव शोधायचं कसं, हा कबूल केलेला भाग तर राहिलाच. तर आता भराभर, लिहून घ्या.

पहिलं बघायचं, अडतंय कुठे. अॅपचं नाव पडद्यावर येत असेल तर प्रश्न सुटलाच, ते अॅप आधी स्वतः बंद करा, अपडेट करा किंवा काढून टाका. शटिंग डाउनवर ठिपके फिरत राहिले तर सर्व्हिस, ड्रायव्हर किंवा डिस्कवरचं लिखाण. पडदा काळा पण पंखा आणि दिवा चालू, तर संशय ड्रायव्हरवर, बायोसवर, म्हणजे विंडोजच्याही आधी चालू होणाऱ्या मशीनच्या मूळ प्रोग्रामवर, किंवा हायबरनेशनवर, म्हणजे मेमरी डिस्कवर लिहून झोपी जाण्यावर. प्रिंटर, बाहेरची हार्ड डिस्क, डोंगल सगळं काढून एकदा बंद करून बघा, यात पुष्कळांचं काम होतं.

दुसरं, फास्ट स्टार्टअप. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, शट डाउन म्हटलं तरी विंडोजचा गाभा बंद होत नाही, तो डिस्कवर जसाच्या तसा लिहून ठेवला जातो, म्हणजे सकाळी लवकर चालू व्हावं. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, सीपीयू, तिथे अप टाइम बघा, रोज रात्री बंद करणाऱ्यांनाही तिथे बरेच दिवस दिसतील. खरं पूर्ण बंद होणं रीस्टार्टमध्ये होतं. म्हणून ही परीक्षा करा, रीस्टार्ट करताना बंद होण्याचा भाग झटकन होतो आणि शट डाउन मात्र रेंगाळतं, तर कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, पॉवर बटणांची सेटिंग, तिथून फास्ट स्टार्टअपची खूण काढा. एसएसडी असेल तर चालू होताना फारसा फरक पडत नाही. दोन्ही रेंगाळतात? मग पुढे चला.

तिसरं, ती डायरी. इव्हेंट व्ह्यूअर उघडा, अॅप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्ज, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, डायग्नॉस्टिक्स परफॉर्मन्स, ऑपरेशनल. तिथे २०० नंबरची नोंद म्हणजे शटडाउनला लागलेला एकूण वेळ, मिलिसेकंदात, १००० ने भागा. २०१ म्हणजे अॅपने उशीर केला, २०३ म्हणजे सर्व्हिसने, आणि नाव तिथेच लिहिलेलं असतं. फुकट, विंडोजमध्येच, कुठलंही अॅप उतरवायला नको! दुसरी सोय, व्हर्बोज स्टेटस, ती चालू केली की बंद होताना ठिपक्यांसोबत कुठलं काम चाललंय ते लिहून येतं, म्हणजे ती नारिंगी अक्षरं परत मिळाल्यासारखीच. होम आवृत्तीत ती रजिस्ट्रीतून करावी लागते, पत्ता फळ्यावर लिहिलाय.

चौथं, नाव मिळालंच नाही तर एमएसकॉन्फिग, विंडोजमधलंच सर्व्हिसेस चालू-बंद करायचं साधन. सर्व्हिसेसमध्ये मायक्रोसॉफ्टच्या लपवा, उरलेल्यांतल्या अर्ध्या बंद करा, बघा. फरक पडला तर गुन्हेगार त्या अर्ध्यात. पुन्हा निम्मे. ३२ असल्या तरी पाच फेऱ्यांत एकटी सापडते.

मुदती कमी करणारे ते व्हिडिओ, ५००० चं २००० करा वगैरे, कृपा करून करू नका. तुमच्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमागे डेटाबेसची सर्व्हिस असेल तर तिला लिहून संपवायला वेळ हवा, तिला अर्ध्यात मारलं तर सकाळी ती सगळं तपासत बसणार. उलट डिस्कची तब्येत बघा, क्रिस्टलडिस्कइन्फो नावाच्या डिस्क तपासणाऱ्या प्रोग्राममध्ये पिवळी खूण दिसली की आधी बॅकअप, बाकी सगळं नंतर, कारण खराब झालेल्या जागी पुन्हा पुन्हा लिहायचा प्रयत्न करणारी डिस्कही असाच उशीर लावते. आणि महिन्याचा दुसरा मंगळवार लक्षात ठेवा, विंडोजचे नेहमीचे अपडेट अमेरिकेत त्या दिवशी सुटतात, आपल्याकडे मंगळवारी रात्री, तेव्हा बुधवार-गुरुवारी लॅपटॉप बंद व्हायला वेळ लावेल, तो लावू द्या, चार्जर लावून ठेवा.

इंजिनिअरिंगची मुलं बसलीत, त्यांच्यासाठी एकच वाक्य, लिनक्सवर अ स्टॉप जॉब इज रनिंग असं येऊन दीड मिनिट मोजलं जातं, ती सिस्टमडीची, म्हणजे तिथल्या सर्व्हिसेस चालू-बंद करणाऱ्या प्रोग्रामची, ९० सेकंदांची मुदत, आणि ते तर सर्व्हिसचं नाव सरळ पडद्यावर लिहितं, मुदत कमी करण्याआधी जर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या डायरीत, त्या नावाचं काय लिहिलंय ते वाचा.

ज्यांनी लॅपटॉप बरोबर आणलेत त्यांनी डावीकडच्या टेबलाशी या, इव्हेंट व्ह्यूअर उघडून ठेवा, आपण एकेकाची २०० नंबरची नोंद बघू. फळ्याचा फोटो काढून घ्या, आणि ते दोन्ही हात वर केलेले काका, तुमचा पहिला नंबर.