दाताच्या खुर्चीत काही घशात गेलं तर

श्रोतेहो, नमस्कार.

दाताच्या डॉक्टरांकडे आपण खुर्चीत उताणे पडलेले असतो. जबडा उघडा, दाढ बधिर, तोंडात थुंकी साचलेली. अशा वेळी रूट कॅनालची फाइल, बसवायची कॅप किंवा इम्प्लांटचा इवलासा स्क्रू डॉक्टरांच्या बोटांतून निसटला, तर तो सरळ घशाकडे घरंगळतो. असं क्वचित होतं, पण होतं. मी स्वतः दंतवैद्य आहे, आणि हा विषय दबक्या आवाजात बोलला जातो याचं मला वाईट वाटतं. लपवण्यात वेळ गेला, तर त्रास पेशंटला होतो.

ही फाइल म्हणजे पीळ दिलेली बारीक, टोकदार सुई. बहुधा 21, 25 किंवा 31 मिलिमीटर लांबीची, मागे प्लास्टिकची रंगीत मूठ. हातमोजा ओला झाला की ती मूठ बोटांत नीट ठरत नाही.

यावरचा उपाय फार जुना आहे. न्यूयॉर्कचे दंतवैद्य सॅनफर्ड बार्नम यांनी 1864 साली दाताभोवती रबराचा पातळ पडदा लावला. त्यांना दात कोरडा ठेवायचा होता, पण त्यामुळे घसाही झाकला गेला. यालाच रबर डॅम म्हणतात. पडद्याला भोक पाडून फक्त दुखरा दात वर काढायचा आणि क्लॅम्पने, म्हणजे दाताला बसणाऱ्या छोट्या पकडीने, पडदा पकडून ठेवायचा. क्लॅम्पलाही दोरा बांधायचा, कारण तोसुद्धा निसटू शकतो.

आपल्या मुंबईत गिरगावपासून बोरिवलीपर्यंत एका खुर्चीचे कितीतरी दवाखाने आहेत. संध्याकाळी बाहेर पेशंट ताटकळत असतात, मदतनीस नसतो, आणि पाच मिनिटं वाचवायला पडदा राहून जातो. माझं मत स्पष्ट आहे: रूट कॅनाल पडद्याशिवाय करू नये. तुम्हीही विचारा, “डॉक्टर, रबर डॅम लावणार ना?” यात डॉक्टरांचा अपमान नाही. रबराची ॲलर्जी असेल तर लेटेक्स नसलेला पडदा मिळतो. कॅप बसवताना पडदा जमत नसेल, तर घशापुढे गॉझ, म्हणजे जाळीदार कापडाचा तुकडा, पसरून ठेवता येतो. गिळायला त्रास होत असेल किंवा पटकन ओकारी येत असेल, तर आधीच सांगा.

आणि निसटलंच तर? झटकन उठून बसू नका. उठलात की वस्तू खाली सरकते. आडवेच राहा, मान एका कुशीला वळवा, गिळू नका. गालाशी आलेली वस्तू डॉक्टर चिमट्याने काढू शकतात. खोकला येत असेल तर जोरात खोका. श्वास कोंडला, आवाज फुटेना, तर डॉक्टरांनी लगेच पाठीवर थापा आणि पोटावर दाब द्यायला हवा, आणि दुसऱ्या कुणीतरी 108 ला फोन लावायला हवा.

खोकला थांबला म्हणजे संकट टळलं असं मात्र समजू नका. श्वासनलिकेत गेलेली वस्तू बरेचदा उजव्या फुप्फुसात उतरते, कारण उजवी वाट जास्त रुंद आणि उभी असते. तिथे ती काही काळ गप्प राहते आणि पुढे महिन्यांनी पुन्हा पुन्हा न्यूमोनिया होतो. म्हणून वस्तू सापडली नाही, तर छाती आणि पोट दोन्हींचा एक्स-रे त्याच दिवशी काढा. ‘उद्या ऑफिस सुटल्यावर बघू’ नको. ॲक्रिलिकची कवळी साध्या एक्स-रेत सहसा दिसत नाही, तेव्हा काय गेलंय हे तिथल्या डॉक्टरांना नेमकं सांगा.

पोटात गेलेल्या गुळगुळीत, लहान वस्तू बहुतेक वेळा शौचावाटे पडून जातात. टोकदार वस्तू आतड्याला भोक पाडू शकते, म्हणून ती जठरात असतानाच दुर्बिणीने काढणं बरं. घरी कुणीतरी हमखास म्हणतं, “दोन केळी खा, उतरेल.” कृपा करून खाऊ नका. पोट भरलेलं असलं की दुर्बिणीचं काम अवघड होतं. जुलाबाचं औषध नको, उलटीही काढू नका.

माझ्या व्यवसायबंधूंना एक विनंती. पेशंटला तिथल्या तिथे खरं सांगा आणि शक्यतो स्वतः हॉस्पिटलपर्यंत सोबत जा. निघताना त्याच मापाची, त्याच बनावटीची दुसरी फाइल पाकिटात घालून न्या. एक्स-रेत काय शोधायचं आणि दुर्बिणीतून ते कशाने धरायचं, हे तिथल्या डॉक्टरांना ती पाहून लगेच ठरवता येतं.