ऑप्शन फॉर्ममध्ये पहिल्या नंबरवर कुठलं कॉलेज टाकायचं?

नमस्कार मंडळी! सीईटीचा निकाल लागल्यापासून कमेंटमध्ये एकच प्रश्न येतोय, "सर, ९२ पर्सेंटाइल आहे, कुठलं इंजिनीअरिंग कॉलेज मिळेल?"

पात्रता पटकन उरकतो. बारावीला ठरलेल्या तीन विषयांत मिळून ओपनला ४५ टक्के, राखीव प्रवर्गाला ४०, आणि सीईटी दिलेली. बास. ९२ पर्सेंटाइल म्हणजे ९२ टक्के मार्क नव्हेत, शंभरातली साधारण ९२ मुलं तुमच्या मागे आहेत. हे तुम्हाला माहीतच असेल.

कटऑफ ही प्रवेशाची अट नाही. गेल्या वर्षी त्या सीटवर शेवटचा जो मुलगा बसला, त्याचा तो आकडा. यंदा वर जाईल किंवा खाली येईल. आणि बघताना रकाना तरी बरोबर बघा! जीओपनएच म्हणजे होम युनिव्हर्सिटीची, म्हणजे त्याच विद्यापीठाच्या हद्दीतल्या मुलांची, ओपन सीट, शेवटी ओ असेल तर बाहेरच्या विद्यापीठातल्या मुलांसाठी, एस असेल तर राज्यस्तरीय. सुरुवातीला एल असेल तर मुलींची सीट. काल एका काकांनी मुलासाठी एलओपनचा कटऑफ पाठवून विचारलं, "होईल ना?" काका, तो आकडा तुमच्या मुलासाठी नाहीच.

आता मुख्य मुद्दा. हा मी दरवर्षी घसा कोरडा होईपर्यंत सांगतो. ऑप्शन फॉर्ममध्ये, म्हणजे प्रवेशासाठी हव्या असलेल्या कॉलेजांच्या यादीत, कॉलेजं आवडीच्या क्रमाने लावा. कटऑफच्या क्रमाने नाही, "मिळण्यासारखं आधी" या हिशोबाने तर अजिबात नाही.

कॉम्प्युटर काय करतो? मेरिट नंबरप्रमाणे तुमची पाळी आली की तुमची यादी वरून वाचतो. पहिलं भरलंय? पुढे. दुसरं भरलंय? पुढे. जिथे जागा दिसली तिथे तुम्हाला बसवतो. वर दहा अशक्य कॉलेजं टाकलीत तरी अकराव्यावरचा तुमचा हक्क तसूभरही कमी होत नाही.

तरी कमेंट येतेच, "सर, चाळिसाव्या नंबरवर टाकलं तर ते कॉलेज पहिल्या नंबरवर टाकणाऱ्याला आधी देतील ना?" नाही! तुमचा मेरिट नंबर वरचा असेल आणि त्या सीटसाठी दोघंही पात्र असाल, तर सीट आधी तुम्हाला. त्याने पहिलं टाकलं की पन्नासावं, काही फरक पडत नाही.

आता उलटं बघा. माझ्या भाचीच्या मैत्रिणीचा फॉर्म एका सायबर कॅफेत भरला. तिथल्या माणसाने "हे नक्की मिळेल" म्हणत घराजवळचं कॉलेज पहिलं टाकलं. मिळालंच! सीटवाटपाच्या पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला की ऑटो फ्रीझ, म्हणजे ती सीट आपोआप पक्की, आणि बेटरमेंट, म्हणजे पुढच्या फेरीत दुसरं कॉलेज मिळवायची संधी, बंद. तिला मनापासून हवं असलेलं कॉलेज तिसऱ्या नंबरवर होतं आणि तिच्यापेक्षा कमी पर्सेंटाइलच्या मुलीला ते मिळालं. पोरगी हुशार, अभ्यास केलेला, आणि नुकसान झालं ते यादीच्या क्रमाने. मला अजून राग येतो.

२०२५ मध्ये चार फेऱ्या झाल्या आणि हा नियम आणखी कडक झाला: दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी काहीही मिळालं तरी फ्रीझ, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी. म्हणून दर फेरीला फॉर्म नव्याने विचार करून भरा, आणि यंदाची माहितीपुस्तिका स्वतः वाचा.

मग आवड ठरवायची कशी? पाटीवरचं नाव पाहून नको. कॉम्प्युटर, आयटी, एआय-डेटा सायन्स, तिन्हींचे अभ्यासक्रम शेजारी ठेवा. बरेच विषय सारखे निघतील. नॅक आणि एनबीए या दर्जा तपासणाऱ्या संस्था. नॅकची श्रेणी अख्ख्या कॉलेजची असते, एनबीएचं मानांकन एकेका शाखेचं. कॉलेजच्या गेटवर एनबीएचा फलक असला तरी तुमच्या शाखेला ते आहे का, विचारा. पुण्याचं सीओईपी, मुंबईचं व्हीजेटीआय, सांगलीचं वालचंद डोळ्यांसमोर असेल तर शाखा महत्त्वाची की कॉलेज, याचं भांडण घरात आत्ताच करून घ्या, शेवटच्या रात्री नको.

आणि ट्युशन फी माफीची सीट हवी असेल, तर त्या योजनेचा, म्हणजे टीएफडब्ल्यूएसचा, चॉइस कोड (फॉर्ममध्ये भरायचा कॉलेज-शाखेचा क्रमांक) वेगळा असतो, तो वेगळा भरावा लागतो. नुसतं कॉलेज टाकून ती सीट मिळत नाही. वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या घरांनी हे सोडू नका.

कमेंटमध्ये विचारताना पर्सेंटाइलसोबत मेरिट नंबर, प्रवर्ग आणि होम युनिव्हर्सिटी लिहा. मी एकेक करून उत्तर देतोय.