मार्च १९७७ : मतपेटीत पोहोचलेला हक्कांचा प्रश्न

[दृश्य : सर्वोच्च न्यायालयाची इमारत, कृष्णधवल चित्रण]

२८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने निर्णय दिला की, आणीबाणी लागू असताना मिसाखाली, म्हणजे विनाचौकशी स्थानबद्धतेची मुभा देणाऱ्या कायद्याखाली, स्थानबद्ध झालेल्या नागरिकाला सुटकेसाठी उच्च न्यायालयाचे दार ठोठावता येणार नाही. सुनावणीच्या वेळी न्या. हंसराज खन्ना यांनी महान्यायवादी निरेन डे यांना विचारले होते की, राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मध्ये स्वातंत्र्याबरोबर जीविताचाही उल्लेख आहे, मग सरकारचा हा युक्तिवाद जीवितालाही लागू होतो का? बेकायदा जीव घेतला गेला तरी न्यायालये हतबल आहेत, अशा आशयाचे उत्तर त्यांना मिळाले. विरोधी मत एकट्या खन्ना यांनी नोंदवले आणि जानेवारी १९७७ मध्ये त्यांची ज्येष्ठता डावलून सरन्यायाधीशपद न्या. बेग यांना देण्यात आले.

हा निकाल खेड्यापाड्यांत किती जणांनी वाचला असेल? फारच थोड्यांनी. नागरी स्वातंत्र्य हा तोवर वकील, संपादक आणि राजकीय कार्यकर्ते यांच्या चिंतेचा विषय होता, आणि गाड्या वेळेवर धावतात, कचेरीत बाबू जागेवर सापडतो, एवढ्यावर समाधान मानणारा मध्यमवर्ग महाराष्ट्रातही कमी नव्हता.

सामान्य माणसाला हा प्रश्न कळला तो नसबंदीच्या छावणीत. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. त्यांतल्या कितीतरी जणांच्या संमतीमागे पगार रोखण्याची धमकी होती, तर कुठे थेट पोलिसांचा धाक होता. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर तीन अपत्यांनंतर नसबंदी सक्तीची करणारे विधेयकही १९७६ मध्ये संमत केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने त्याचा कायदा झाला नाही, एवढेच. ज्याच्या शरीरावर सरकारची सक्ती चालते आणि ज्याला त्याविरुद्ध कोठेही दाद मागता येत नाही, त्याला अनुच्छेद २१ चा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

[दृश्य : प्रचारसभेची छायाचित्रे, फेब्रुवारी–मार्च १९७७]

१८ जानेवारी १९७७ रोजी इंदिरा गांधींनी निवडणुकीची घोषणा केली आणि दीड वर्ष दबलेले शब्द मैदानांत ऐकू येऊ लागले. महाराष्ट्रात त्याची पूर्वतयारी आधीच झाली होती, असे म्हणता येईल. डिसेंबर १९७५ मध्ये कराडच्या साहित्य संमेलनात, केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण स्वागताध्यक्ष असताना, अध्यक्षा दुर्गाबाई भागवतांनी जयप्रकाश नारायण यांना आराम पडावा म्हणून सभेला प्रार्थनेचे आवाहन केले होते. पुढे त्यांना अटकही झाली. आता पु. ल. देशपांडे विरोधकांच्या जनता पक्षाच्या प्रचारासाठी व्यासपीठावर उभे राहिले. विनोद ऐकायला आलेल्या श्रोत्यांनी या सभांमध्ये लेखनस्वातंत्र्याची बाजू ऐकली.

१६ ते २० मार्च या काळात मतदान झाले. उत्तर प्रदेशातल्या ८५ आणि बिहारमधल्या ५४ जागांपैकी काँग्रेसला एकही मिळाली नाही. रायबरेलीत स्वतः पंतप्रधान पराभूत झाल्या. मुंबईतल्या सहाही जागा विरोधकांकडे गेल्या, आणि पाण्यासाठी लढे देणाऱ्या मृणाल गोरे निवडून आल्यावर ‘पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात’ ही घोषणा शहरभर झाली.

तरीही साऱ्या देशाने एकमुखाने हुकूमशाही नाकारली, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. आंध्र प्रदेशात ४२ पैकी ४१ जागा काँग्रेसनेच जिंकल्या. नसबंदीची सक्ती जिथे सर्वांत कठोर होती, त्या उत्तरेत कौल सर्वांत तीव्र होता. म्हणजे लोकांचे मत बदलले ते अनुभवाने, आणि हा अनुभव सर्वत्र सारखा नव्हता.

[दृश्य : संसद भवन, राज्यघटनेचे पान]

या कौलाचा खरा परिणाम कायद्यात उतरला. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने आणीबाणीच्या कारणांतून ‘अंतर्गत अशांतता’ हे सैल शब्द काढून तिथे ‘सशस्त्र बंड’ आणले, मंत्रिमंडळाचा लेखी सल्ला बंधनकारक केला, आणि अनुच्छेद २० व २१ आणीबाणीतही स्थगित करता येणार नाहीत, असे ठरवले. न्यायालयाचाही सूर बदलला. निवडणुकीनंतर सत्तेवर आलेल्या जनता पक्षाच्या सरकारने मनेका गांधींचे पारपत्र कारण न सांगता जप्त केले, तेव्हा २५ जानेवारी १९७८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्वातंत्र्य हिरावणारी प्रक्रिया न्याय्य आणि वाजवीच असली पाहिजे, असा निकाल दिला. गंमत अशी की, आणीबाणीनंतरच्या या मोठ्या हक्काचा लाभ सर्वप्रथम इंदिरा गांधींच्या सुनेच्या खटल्यात झाला, आणि १९७६ च्या बहुमतातले न्या. यशवंत चंद्रचूड व न्या. पी. एन. भगवती या पीठावरही होते.

जनता पक्ष भांडणांत फुटला आणि १९८० मध्ये इंदिरा गांधी ३५३ जागा जिंकून परतल्या. मतदारांनी त्यांना माफ केले, असा या निकालाचा अर्थ काढला जातो, आणि तो चुकीचा नाही. परंतु एवढे बहुमत हाती असूनही ४४ व्या दुरुस्तीने घातलेली बंधने काढून टाकली गेली नाहीत. १९७६ चा तो निकालही अखेर २०१७ मध्ये खासगीपणाच्या खटल्यात रद्दबातल ठरला. तसे लिहिणाऱ्या न्यायमूर्तींमध्ये यशवंत चंद्रचूड यांचे पुत्र धनंजय चंद्रचूड होते.

विनाचौकशी स्थानबद्धतेच्या बाबतीत मात्र गाडे तिथेच अडले. मिसा १९७८ मध्ये रद्द झाला, पण १९८० मध्ये राष्ट्रीय सुरक्षा कायदा आला. आणि अशा स्थानबद्धतेचा कालावधी आटोक्यात आणणारे ४४ व्या दुरुस्तीतले कलम ३ संसदेने संमत केले असूनही, ते अंमलात आणण्याची अधिसूचना जनता सरकारने काढली नाही, आणि त्यानंतरच्या एकाही सरकारने काढलेली नाही.