तीळ कोणत्या गालावर?

मागच्या वेळी डॅगेरोटाइपची, म्हणजे पत्र्यावर फोटो काढण्याच्या जुन्या पद्धतीची, कृती सांगितली होती. चांदीचा मुलामा दिलेला तांब्याचा पत्रा, त्याला आधी आयोडिनची वाफ, मग पाऱ्याची. १८३९ साली पॅरिसमध्ये ती जाहीर झाली आणि अमेरिकेत बघता बघता तिचं वेड लागलं. आज बघू, त्या पत्र्यापुढे पुढारी कसे बसले.

अमेरिकेचा माजी अध्यक्ष जॉन क्विन्सी अॅडम्स बसला मार्च १८४३मध्ये, वॉशिंग्टनला, फोटोग्राफर फिलिप हासपुढे. वय पंचाहत्तर, अध्यक्षपद सुटून चौदा वर्षं झालेली, पण गडी अजून काँग्रेसमध्ये भांडत होता. विल्यम हेन्री हॅरिसनचा १८४१चा मूळ पत्रा हरवला. त्यामुळे अमेरिकी अध्यक्षाचा शिल्लक असलेला सर्वांत जुना मूळ फोटो हाच. टक्कल, पांढरे कल्ले, थेट आपल्यावर रोखलेली नजर. तरुणपणी याला कॉप्ली या चित्रकारानं रंगवलं होतं. चित्रकार माणसाला सांभाळून घेतो, पत्रा कुणाची भीड ठेवत नाही. त्याच ऑगस्टमध्ये युटिकाला अॅडम्सचे आणखी फोटो निघाले, आणि त्याबद्दल डायरीत त्यानं जो इंग्रजी शब्द लिहिला त्याला मराठीत अर्थानं आणि कानालाही जवळचा शब्द आहे: हिडीस. सगळेच्या सगळे!

आता एक गंमत. डॅगेरोटाइपमध्ये माणूस आरशातल्यासारखा उलटा येतो. पुरुषाच्या कोटाची बटणं बायकांच्या बाजूला जातात. उजव्या गालावरचा तीळ डावीकडे. लिंकनच्या उजव्या गालावर, तोंडाजवळ, असा एक ठसठशीत तीळ होता. लक्षात ठेवा.

लिंकन अॅडम्ससारखा वैतागला नाही. २७ फेब्रुवारी १८६०ला, न्यूयॉर्कमधल्या कूपर युनियन या संस्थेतल्या भाषणाच्या दिवशी, तो मॅथ्यू ब्रॅडीच्या स्टुडिओत गेला. सहा फूट चार इंच उंची, मान लांबलचक. ब्रॅडीनं त्याला कॉलर जरा वर ओढायला सांगितली. ब्रॅडीच आठवण सांगतो, लिंकन म्हणाला, ‘म्हणजे माझी मान आखूड करायची आहे तर!’ आता काचेची निगेटिव्ह आली होती, एकीच्या हव्या तेवढ्या प्रती. तो चेहरा घरोघरच्या आल्बमात शिरला, त्यावरून कोरीव चित्रं निघाली. निवडणुकीत तर पत्र्यावरच्या फोटोंचे बिल्ले लोकांच्या कोटांवर लागले.

पण उभा, रुबाबदार, राजपुरुषाला शोभेल असा लिंकन काही सापडेना. त्याच्या हत्येनंतर अशा चित्रांना मागणी आली, तेव्हा एकानं डोकं चालवलं. जॉन कॅल्हूनचं १८५२चं जुनं कोरीव चित्र घेतलं. कॅल्हून म्हणजे गुलामगिरीचा कट्टर कैवारी! त्याच्या धडावर लिंकनचं डोकं बसवलं. टेबलावरच्या कागदांवर ‘राज्यांचं सार्वभौमत्व’ असं होतं, तिथे गुलाममुक्तीचा जाहीरनामा आला. डोकं मात्र ब्रॅडीच्या स्टुडिओतल्या १८६४च्या फोटोवरून उचललेलं, आणि तेही उलटं. कित्येक वर्षं ते चित्र खरं म्हणून खपलं. चोरी उघडी पडली ती तिळामुळे: तो डाव्या गालावर होता.